एका वर्षाचे प्रतिज्ञापत्र

जूनच्या अखेरीस महाविद्यालयीन प्रवेशांची धावपळ सुरू झाली की अमरावतीत, अकोल्यात आणि तालुक्यातालुक्याच्या कचेऱ्यांच्या आवारात नोटरींच्या टेबलांभोवती विद्यार्थी आणि पालक यांची गर्दी दिसू लागते. अभियांत्रिकीला प्रवेश हवा असो की विज्ञान शाखेला, कागदपत्रांच्या यादीत एक ओळ हमखास असते : शिक्षणात खंड पडला असल्यास त्याबद्दलचे प्रतिज्ञापत्र. विद्यार्थ्यांच्या बोलीत हेच 'गॅप सर्टिफिकेट'. मधल्या वर्षात आपण अन्यत्र कोठेही प्रवेश घेतलेला नव्हता, कोणत्याही गैरकृत्यात आपला सहभाग नव्हता, असे त्यात शपथपूर्वक लिहून द्यावयाचे असते. खंडाचे कारणही द्यावे लागते. ही कारणे ठरलेली आहेत. आजारपण, घरगुती अडचण, आर्थिक अडचण किंवा परीक्षेची तयारी. 'हे वर्ष समाजासाठी दिले होते', असे कारण त्या कागदावर क्वचितच उमटते.

अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने आयुष्यातील एक वर्ष रूढ वाटेवरून बाजूला होऊन घालवले, तर ते आपल्याकडे खुलासा मागण्याजोगे वर्तन ठरते. पाश्चात्त्य देशांत नेमकी उलट स्थिती आहे. शाळा संपल्यानंतर आणि विद्यापीठात जाण्यापूर्वी एक वर्ष मोकळे घेण्याची तेथे रूढी आहे. त्याला 'गॅप इयर' म्हणतात, आणि त्याचा उल्लेख तेथील तरुण आपल्या अर्जात अभिमानाने करतात. बराक ओबामा यांची थोरली कन्या हार्वर्ड विद्यापीठात जाण्यापूर्वी एक वर्ष थांबणार, अशी घोषणा २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानातूनच झाली होती. ब्रिटनचा राजपुत्र विल्यम २००० साली चिली देशाच्या दक्षिण टोकाकडील एका दुर्गम गावात दहा आठवडे स्वयंसेवक म्हणून राहिला. तेथे शौचकूप घासत असतानाचे त्याचे छायाचित्र जगभर छापले गेले.

त्या छायाचित्राचे जगाला अप्रूप वाटले. वऱ्हाडाला वाटण्याचे कारण नव्हते. शेंडगावात जन्मलेल्या डेबूजीने हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली आणि लोकांनी त्याला गाडगेबाबा म्हटले. ज्या भूमीने श्रमसेवेला संतपद दिले, ज्या भूमीच्या विद्यापीठाला त्या संताचे नाव आहे, त्याच भूमीत सेवेसाठी थांबलेल्या तरुणाच्या वर्षाला प्रतिज्ञापत्रावर साधा रकाना नसावा, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

मोंबासाची सुट्टी

हे पाश्चात्त्य मधले वर्ष प्रत्यक्षात असते तरी कसे? ब्रिटनमध्ये ॲलेक डिक्सन यांनी १९५८ साली शाळा संपवलेल्या मुलांना परदेशी सेवेसाठी पाठविण्यास आरंभ केला. त्यातून 'व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज' ही संस्था उभी राहिली. अमेरिकेने १९६१ साली 'पीस कोअर' स्थापन केली. तिचे तरुण १९७६ पर्यंत भारतातही काम करीत होते. जर्मनीने २००८ पासून 'वेल्टवेर्ट्स' नावाची सरकारी अनुदानाची योजना चालवली. खासगी संस्था आणि प्रवासी कंपन्या वेगळ्याच. त्यांचे आवडते प्रदेश म्हणजे आफ्रिका, दक्षिण अमेरिका, नेपाळ आणि भारत.

केनियाच्या डोंगराळ भागातील एखाद्या शाळेत इंग्रजी शिकवणारा इंग्रज तरुण हा त्यातील नमुनेदार स्वयंसेवक. वर्षाखेरीस शाळेला मोठी सुट्टी लागते. मग तो पाठीवर पिशवी टाकून मोंबासा या किनाऱ्यावरील शहराकडे निघतो. नैरोबीहून पूर्वी रात्रभराची जुनी गाडी होती. २०१७ पासून नव्या रुळांवरून दिवसाउजेडी, पाच-सहा तासांत तेथे पोहोचता येते. मोंबासा हे बेट आहे. दक्षिणेकडे जायचे तर लिकोनीच्या फेरीबोटीत माणसे, सायकली, मोटारी आणि टोपल्या यांच्या गर्दीतून खाडी ओलांडावी लागते. पलीकडे डियानीची पांढरी वाळू. शहरात कोरीव दरवाजांची जुनी वस्ती, रस्त्यावर शहाळी, गल्लीत तळलेल्या भजीचा वास, टुकटुक नावाच्या तीनचाकी रिक्षा. रस्ता चुकणे, भाड्यावरून हुज्जत घालणे, अनोळखी घरात जेवणे, वर्षअखेरची रात्र समुद्रकाठी जागवणे. घरी लिहिलेल्या त्याच्या पत्रांत हेच प्रसंग सर्वांत रंगतदार असतात.

या मौजेला नाक मुरडण्याचे कारण नाही. तरुणाने हिंडावे, चुकावे, समुद्र पाहावा. आपल्या परंपरेने देशाटनाला विद्येचे अंग मानले आहे. वऱ्हाडातील कित्येक मुलांनी वयाची विशी उलटेपर्यंत समुद्र पाहिलेला नसतो, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. प्रश्न निराळा आहे. त्या मोंबासात त्या तरुणाला दिसते काय आणि दिसत नाही काय?

फोर्ट जीझस हा तेथील किल्ला तो पाहतो. पोर्तुगिजांनी १५९३ साली तो बांधायला घेतला, हे त्याच्या मार्गदर्शक पुस्तकात असते. त्या किल्ल्याचा आराखडा करणारा स्थापत्यकार काइराती हा पोर्तुगिजांच्या गोव्यातील सत्तेचा नोकर होता आणि त्या किल्ल्याचा कारभार गोव्याच्या आज्ञेने चाले, ही गोष्ट त्याच्या मनात कोणतीही तार छेडत नाही. मराठी मुलाच्या मनात ती छेडली जाईल. इंग्रज तरुण ज्या रेल्वेमार्गाच्या आठवणी सांगतो, तो मोंबासापासून आत जाणारा मीटरगेज मार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर आणि कारागीर नेण्यात आले. त्यांतील सुमारे अडीच हजार परत आले नाहीत. रोगराईने, अपघाताने, आणि त्सावोच्या रानात सिंहांच्या तोंडी ते गेले. मेळघाटातून जाणाऱ्या अकोला-खांडवा मीटरगेजने ज्याच्या आजोबांनी प्रवास केला, त्या मुलाला हा आकडा केवळ आकडा वाटणार नाही.

तेथील स्वाहिली भाषेत गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', विम्याला 'बिमा', लाखाला 'लाकी' म्हणतात. चपाती आणि चहा तर तेथील घराघरांत आहेत. १९२० पर्यंत त्या प्रदेशाचे चलन रुपया हेच होते. म्हणजे जे शहर इंग्रज तरुणाला केवळ साहसाची जागा वाटते, ते भारतीय तरुणाला आपल्याच पूर्वजांच्या घामाचा इतिहास म्हणून भेटू शकते. आपल्या मुलाला मात्र तेथे पोहोचण्यासाठी मधले वर्षच मिळत नाही. तो परदेशी जातो तो पदवीसाठी किंवा नोकरीसाठी. विमानतळावरून वसतिगृहात आणि वसतिगृहातून कचेरीत. ज्या देशात तो राहतो तो देश पाहण्याइतकी उसंत त्याच्या वेळापत्रकात नसते.

सेवा कोणाची, लाभ कोणाचा?

तथापि पाश्चात्त्यांची रूढी जशीच्या तशी उचलावी, असे मुळीच नाही. तिच्यातील दोष आता त्यांच्याच देशांत उघडपणे मांडले जात आहेत. अठरा वर्षांच्या मुलाला शिकवण्याचे प्रशिक्षण नसते, त्या गावाची भाषा येत नसते, आणि तो रुळेपर्यंत त्याची परतण्याची तारीख आलेली असते. तरीही 'आपण त्यांचे भले करावयास आलो' ही भावना घेऊन तो येतो. गोऱ्या माणसाने काळ्या-सावळ्या माणसाचा उद्धार करावयाचा असतो, या जुन्या अहंगंडाचे हे नवे, हसतमुख रूप आहे. ज्या संस्थेने ही प्रथा रुजवली, त्या व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीजनेच कालांतराने शाळकरी मुलांऐवजी अनुभवी शिक्षक, परिचारिका आणि तंत्रज्ञ पाठविण्याकडे मोर्चा वळवला, हे पुरेसे बोलके आहे.

याहून गंभीर प्रकार अनाथालयांचा. पैसे देऊन मुलांबरोबर काही आठवडे घालवू इच्छिणारे पाहुणे मिळू लागले, तेव्हा काही देशांत मुलांचाच बाजार सुरू झाला. आईबाप असलेली मुले 'अनाथ' म्हणून गोळा करण्यात आली. कंबोडियात २०११ मध्ये 'मुले ही पर्यटनस्थळे नव्हेत' अशी मोहीम चालवावी लागली. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना या व्यापाराची दखल घेतली. ज्या बाळाने तीन आठवड्यांत एखाद्या ताईला जीव लावावा आणि तिने निघून जावे, मग दुसरीने यावे आणि तिनेही जावे, त्या बाळाच्या मनाचे काय होत असेल? सेवेच्या नावाने दिलेली ही जखमच होय. सेवकाच्या समाधानासाठी सेव्याला राबवले जाते, तेव्हा ती सेवा राहत नाही.

आपल्याकडचे 'ड्रॉप'चे वर्ष

आपल्याकडे मधले वर्ष नाही, असे म्हणणेही वस्तुतः खरे नाही. ते आहे, आणि लाखोंच्या संख्येने आहे. त्याचे नाव 'ड्रॉप'. बारावीनंतर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत हवे तितके गुण पडले नाहीत की मुलगा 'ड्रॉप घेतो'. त्याची रवानगी अकोल्याला, लातूरला, नांदेडला किंवा थेट राजस्थानातील कोटा शहरात होते. २०२४ मध्ये नीट परीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. एका जागेमागे वीसहून अधिक विद्यार्थी. या झुंजीत दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उतरणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे.

या वर्षात तो मुलगा दहा बाय दहाच्या खोलीत राहतो. डबा येतो, शिकवणीला जातो, सराव परीक्षा देतो. त्याला शहर दिसत नाही, माणसे दिसत नाहीत. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या या मुलाने त्या वर्षभरात एकही रुग्ण पाहिलेला नसतो. घरच्यांनी शेत गहाण ठेवलेले असते, आणि अपयश आले तर तोंड कसे दाखवावे, या विचाराने तो पोखरला जातो. कोट्याहून येणाऱ्या आत्महत्यांच्या बातम्या गेली काही वर्षे महाराष्ट्रही वाचत आहे. पुढे स्पर्धा परीक्षांच्या नादी लागलेल्या तरुणांची तर अशी चार-चार, पाच-पाच वर्षे जातात.

तेव्हा 'आपल्या समाजाला एक वर्ष परवडत नाही', हा युक्तिवाद टिकत नाही. आपण वर्षे देतोच. ती परीक्षेला देतो, आणि त्या बदल्यात बहुसंख्य मुलांच्या पदरी काहीच पडत नाही. तेच वर्ष माणसांना द्यावयाचे म्हटले की मात्र ते वाया गेले असे घरीदारी बोलले जाते. परीक्षेसाठी घालवलेले वर्ष आणि समाजासाठी दिलेले वर्ष यांच्यात हा जो भेद आपण मनात पक्का केला आहे, तोच खरा रोग आहे. प्रतिज्ञापत्र हे केवळ त्याचे लक्षण.

वऱ्हाडची परंपरा

हा भेद आपल्या मातीतला नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केले. त्या मंडळाचे तरुण १९३६ मध्ये समुद्र ओलांडून बर्लिनला गेले आणि ऑलिम्पिकच्या निमित्ताने तेथे त्यांनी कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. पारतंत्र्याचा तो काळ. त्या तरुणांनीही परक्या देशातील शहरे डोळे भरून पाहिली असतील, वाटेत बंदरांवर मौज केली असेल. पण जाताना त्यांच्याजवळ देण्यासारखे काही होते, आणि ते वर्षानुवर्षांच्या तालमीतून आलेले होते. ते उद्धार करावयास गेले नव्हते आणि याचना करावयासही गेले नव्हते. बरोबरीच्या नात्याने गेले होते.

बडनेऱ्याहून वर्ध्याकडे निघालेली पॅसेंजर गाडी टिमटाळा नावाच्या एका छोट्या स्थानकावर थांबते. त्या गावात १९ नोव्हेंबर १९१४ रोजी एकनाथजी रानडे यांचा जन्म झाला. समुद्रापासून इतक्या दूर जन्मलेल्या या माणसाने आयुष्याची सर्वांत मोठी कामगिरी देशाच्या दक्षिण टोकाला, कन्याकुमारीच्या लाटांमध्ये पार पाडली. विवेकानंद शिलास्मारकासाठी त्यांनी १९६३ च्या डिसेंबरात तीन दिवसांत ३२३ खासदारांच्या सह्या मिळवल्या, लक्षावधी सामान्य माणसांकडून एकेक रुपया गोळा केला, आणि २ सप्टेंबर १९७० रोजी स्मारक राष्ट्राला अर्पण झाले. दगडांचे स्मारक पुरे झाल्यावर त्यांनी १९७२ मध्ये विवेकानंद केंद्र स्थापन केले, ते माणसांसाठी. आयुष्य देणारा तो जीवनव्रती. ज्याला काही काळच देता येईल, तो सेवाव्रती. ठराविक मुदतीची सेवा देण्याची सोय केंद्राने अशा रीतीने रीतसर करून ठेवली. 'गॅप इयर' हा शब्द वऱ्हाडाच्या कानावर पडण्यापूर्वी वऱ्हाडच्याच एका सुपुत्राने त्या कल्पनेला भारतीय रूप दिले होते. त्यामागे स्वामी विवेकानंदांच्या परिव्राजक वर्षांचा आदर्श होता. १८९२ च्या अखेरीस कन्याकुमारीला पोहोचण्यापूर्वी त्या तरुण संन्याशाने सारा देश पायांखाली घातला होता आणि देशाचे दैन्य डोळ्यांनी पाहिले होते.

मेळघाटचा धडा

आजही बडनेरा जंक्शनवर, विशेषतः पावसाळ्यात, पाठीवर पिशव्या घेतलेले तरुण उतरताना दिसतात. पुण्या-मुंबईहून मेळघाटात जाणाऱ्यांना हे सोयीचे स्थानक. येथून अमरावती, परतवाडा, आणि मग सेमाडोहचा घाट. १९९० च्या दशकात मेळघाटातील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हा पुण्याच्या 'मैत्री' या संस्थेने १९९७ पासून तेथे पावसाळ्यात 'धडक मोहीम' सुरू केली. पाड्यांचा संपर्क तुटतो, आजार बळावतात, त्या महिन्यांत स्वयंसेवकांची एक तुकडी परतते तोवर दुसरी पोहोचते. प्रत्येक जण थोडेच दिवस देतो. घरोघरी जाऊन आजारी मूल शोधणे, त्याला औषध मिळेल असे पाहणे, दवाखान्यापर्यंत पोहोचवणे, एवढेच काम.

थोड्या मुदतीचे हे काम मोंबासाच्या वाटेवरील त्या तरुणाच्या कामापेक्षा वेगळे का ठरते? याचे उत्तर व्यवस्थेत आहे. स्वयंसेवक तात्पुरता असतो, पण संस्था कायमची असते. कोणत्या घरी कोणते मूल अशक्त आहे, हे ज्ञान स्वयंसेवकाबरोबर पुण्याला परत जात नाही. ते तेथेच राहते आणि पुढच्या तुकडीच्या हाती दिले जाते. स्वयंसेवकाला झेपेल इतकेच काम त्याला मिळते. आणि ज्यांनी आपले आयुष्यच तेथे रोवले, अशी माणसे आधाराला असतात. बैरागडचे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य मेळघाटाला दिले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभारून वनवासी कारागिरांच्या हाताला बाजार मिळवून दिला. सुनील देशपांडे २०२१ मध्ये गेले. केंद्र मागे राहिले. वडाची पारंबी जमिनीत रुजलेली असली म्हणजे त्या सावलीत वाटसरू किती वेळ बसला याला महत्त्व उरत नाही.

मेळघाट आणखी एक गोष्ट शिकवतो, ती नम्रता. कोरकू भाषा मराठीच्याही कुळातील नाही आणि हिंदीच्याही नाही. ती मुंडा कुळातील आहे. पुण्याचा हुशार अभियंता तेथे पोहोचतो तेव्हा तो निरक्षर असतो. पाड्यावरचे सात वर्षांचे पोर त्याचे गुरू होते. शिकवायला गेलेला तरुण प्रथम शिकतो, आणि हे कळले की त्याच्यातील उद्धारकर्ता आपोआप मावळतो.

अडचणी खऱ्या आहेत

यावर काही आक्षेप घेतले जातील आणि ते घ्यायलाच हवेत. पहिला पैशाचा. कापूस आणि सोयाबीन यांच्या भावावर ज्या घराचे वर्ष अवलंबून असते, त्या घरातील मुलाने वर्षभर न कमावता राहावे, हे सांगणे सोपे आणि करणे कठीण. इंग्रज तरुणाच्या पाठीशी बहुधा सुखवस्तू घर असते. सेवेचे वर्ष ही श्रीमंतांच्या मुलांची चैन ठरू द्यावयाची नसेल, तर त्या मुलाच्या भाकरीची सोय समाजाने केली पाहिजे. गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या 'निर्माण' या उपक्रमाने पदवीधरांना निर्वाहापुरते मानधन देऊन एक वर्ष काम करण्याची वाट दाखवली आहे. ती आणखी रुंद करता येईल.

दुसरा आक्षेप मुलींचा, आणि तो अधिक बोचरा आहे. मुलाचे वर्ष रिकामे गेले तर लोक त्याला उडाणटप्पू म्हणतात. मुलीचे वर्ष रिकामे आहे असे कळले की घरी स्थळे येऊ लागतात. एकदा सुटलेले शिक्षण मग कायमचे सुटते. म्हणून मुलीच्या बाबतीत महाविद्यालयातील पुढचा प्रवेश आधी निश्चित करून मगच सेवेचे वर्ष, हा क्रम असला पाहिजे. राहण्याची सुरक्षित जागा आणि जबाबदार वडीलधारी कार्यकर्ती यांच्याविना तिला कोठेही पाठवू नये. हे जमत नसेल तर जमेपर्यंत थांबावे, पण मुलींना वगळून योजना आखू नये.

तिसरा आक्षेप असा की राष्ट्रीय सेवा योजना असताना आणखी काय हवे? १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेल्या या योजनेने अनेक पिढ्यांना गावाकडे नेले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचे शिबिर, यात गावाची तोंडओळख होते, एवढेच. अनेक ठिकाणी तर गुणांसाठी हजेरी, असे तिचे स्वरूप होऊन बसले आहे. ऋतूचक्र पुरे पाहिल्याशिवाय गाव कळत नाही. पेरणी, पावसाची ओढ, सणावार, रोगराई, मजुरांचे स्थलांतर आणि उन्हाळ्यातील पाणी हे सारे पाहायला एक वर्षच लागते.

काय करता येईल?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षणात मध्येच थांबण्याची आणि पुन्हा रुजू होण्याची मुभा तत्त्वतः मान्य केली आहे. मिळवलेली श्रेयांके जमा करून ठेवणारी श्रेयांक पेढी २०२१ पासून आली आहे. धोरण बदलले आहे. खिडकीपलीकडचा लिपिक आणि घरातील वडीलधारे अजून बदललेले नाहीत. म्हणून आरंभ लहान गोष्टींपासून करावा लागेल.

मान्यताप्राप्त सेवासंस्थेत वर्ष घालवलेल्या विद्यार्थ्याकडून शपथेवरचा खुलासा मागू नये. त्या संस्थेचे प्रमाणपत्र पुरेसे मानावे आणि त्या कामाला श्रेयांके द्यावीत. अमरावती विद्यापीठाने हे पाऊल उचलले तर ते गाडगेबाबांच्या नावाला साजेसेच होईल. गावोगावच्या माजी विद्यार्थी संघांनी, बँकांनी आणि परदेशी स्थायिक झालेल्या वऱ्हाडी कुटुंबांनी दरवर्षी एकेका विद्यार्थ्याच्या निर्वाहाचा भार उचलावा. संस्थांनीही स्वतःवर बंधने घालून घ्यावीत : लहान मुलांच्या सहवासात नेमणूक करण्यापूर्वी पुरेशी चौकशी, झेपेल तेवढेच काम, त्या प्रदेशाच्या बोलीचा आरंभीच परिचय, आणि वर्षाअखेरीस हाती आलेली माहिती लेखी सोपवणे.

आणि त्या वर्षात हिंडण्यासाठीही काही दिवस राखून ठेवावेत. सेवा म्हणजे सुतकी चेहरा नव्हे. मेळघाटात वर्ष काढणाऱ्या मुलीने सुट्टीत कन्याकुमारीला जावे, तीन समुद्र पाहावेत. जमल्यास मोंबासालाही जावे आणि रेल्वेरुळांखाली विसावलेल्या आपल्या माणसांची आठवण करावी. २०२५ च्या एप्रिलपासून बडनेऱ्याजवळच्या बेलोऱ्याहून विमानही उडू लागले आहे. दूर जाणे आता कठीण राहिलेले नाही. दूर जाऊन काय पाहावे आणि जाताना काय घेऊन जावे, हे शिकवणे मात्र बाकी आहे. परत आल्यावर तिने आपल्या शाळेत, आपल्या गावात उभे राहून वर्षाचा हिशेब द्यावा. ज्यांनी तिच्यासाठी पैसा मोजला त्यांना तो ऐकण्याचा हक्क आहे, आणि तो ऐकताना समोर बसलेल्या मुलांपैकी एखादा पुढच्या वर्षी निघेल.

तोपर्यंत नोटरीच्या टेबलासमोरची रांग चालूच राहणार. त्या रांगेत उद्या एखादा विद्यार्थी उभा राहील आणि खंडाचे कारण विचारल्यावर 'मेळघाटात होतो' असे सांगेल. टेबलामागच्या माणसाने मान वर करून त्याच्याकडे पाहावे आणि 'काय केलेस तेथे?' असे आस्थेने विचारावे, इतका बदल झाला तरी सुरुवात झाली असे समजावयास हरकत नाही.